आजीच्या हातावरची तुळस गोंदवायची आहे, टॅटूवाला कसा पारखावा?

पांझराकाठची (धुळे)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी आजी साक्री तालुक्यातली. तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, तुळस गोंदलेली होती. खाली वृंदावनाचा चौकोन, त्यातून वर तीन फांद्या आणि बाजूला पाच ठिपके. लहानपणी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत झोपायचे. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी सहज मनात आलं आणि तिच्या हातावर ट्रेसिंग पेपर ठेवून बॉलपेनने सगळं गोंदण उतरवून घेतलं. गेल्या आषाढात आजी गेली. तो कागद तिच्याच लुगड्याच्या घडीत जपून ठेवलाय.

तीच तुळस मला माझ्या डाव्या हातावर हवी आहे. आतापर्यंत तीन ठिकाणी जाऊन आले, दोन धुळ्यात आणि एक जळगावला. तिघांनीही मोबाईलवर फोटो दाखवले. वाघ, महादेव, पिसं, सगळं चकाचक. एकाने कागद पाहिला आणि म्हणाला, हे फारच साधं आहे ताई, भोवती मंडला टाकू म्हणजे उठून दिसेल. दुसरा म्हणाला, आत्ताच बसा, आज केलंत तर निम्म्यात करतो. तिसऱ्याने कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि काही प्रश्न विचारले. मला तेव्हा उत्तरं देता आली नाहीत, म्हणून परत आले.

मला या कामातलं काही कळत नाही. समोरच्याचा हात बसलेला आहे की नाही, हे आपल्यासारख्याने नुसतं बघून कसं ओळखायचं? स्वच्छतेचं काय विचारायचं? ही गोष्ट एकदाच व्हायची आहे आणि आजीची आहे, त्यामुळे बिघडली तर मला सहन होणार नाही. ज्यांनी करून घेतलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

नंदुरबारी पोर

ताई, काय करू नये एवढं मी सांगू शकतो.

बारावीत असताना मित्रांबरोबर एका यात्रेत गेलो होतो. पाळण्याशेजारी एक जण बॅटरीवरचं मशीन घेऊन बसलेला, समोर नक्ष्यांचा मळका पुठ्ठा. उजव्या हातावर आईचं नाव काढून घेतलं. माझ्या आधी चार पोरं झाली होती. प्रत्येकाच्या वेळी तो सुई एका वाटीतल्या पाण्यात बुडवायचा, फडक्याला पुसायचा आणि पुढच्याला बसवायचा. त्या पाण्याचा रंग मला अजून आठवतो. तिसऱ्या दिवशी हात सुजला, पू झाला, शहरात नेऊन गोळ्या-इंजेक्शनं झाली. हात बरा झाला, पण अक्षरं पसरली. 'सुमन' लिहिलेलं, आता 'म' कुठला आणि 'न' कुठला ते मलाच सांगावं लागतं. आईने बघितलं आणि काही बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

वाटी, फडकं आणि पुठ्ठा दिसला की तिथून निघा.

सुई आणि शाई (जळगाव जिल्हा)

मी नऊ वर्षं हे काम करतोय. स्वतःची जाहिरात करायला आलेलो नाही, दुकानाचं नाव सांगणारही नाही. ताईंचा प्रश्न मनाला लागला म्हणून लिहितो.

'फारच साधं आहे' असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. गोंदणाची नक्षी हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. वाघाच्या चेहऱ्यात शेडिंग असतं, हात थोडा हलला तर केसांत लपून जातो. तुळशीच्या तीन फांद्या आणि पाच ठिपके यांत लपायला जागाच नाही. रेघ थरथरली तर थरथरलेलीच दिसणार.

आता फोटोंबद्दल. तुम्हाला जे दाखवले ते बहुतेक टॅटू झाल्या झाल्या काढलेले असतात. त्या वेळी शाई काळीभोर दिसते, वरून व्हॅसलिनची चमक, त्यावर फिल्टर. तेव्हा कोणाचंही काम छान दिसतं. तुम्ही मागायचं ते वर्ष-दोन वर्षं जुनं, पूर्ण भरून आलेलं काम. फोटो नको, शक्य असेल तर माणूसच बघा. ज्याचं काम टिकतं त्याच्याकडे जुनी गिऱ्हाईकं दुसरा-तिसरा टॅटू काढायला येतच असतात. तो म्हणेल, शनिवारी या, एक जण येणार आहे, त्यांना विचारून त्यांचा हात दाखवतो.

जुनं काम का बघायचं ते नीट सांगतो. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि नवा येत असतो. शाई त्या थराच्या खाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जावी लागते. वरच राहिली तर खपलीबरोबर निघून जाते आणि रेघ तुटक दिसते. जास्त खोल गेली तर शाई खालच्या चरबीत पसरते आणि रेघेच्या कडेला निळसर सावली पडते, पाण्यात शाईचा थेंब सुटावा तशी. आम्ही त्याला ब्लोआउट म्हणतो. तो नंतर दुरुस्त होत नाही. मनगटाच्या आतली कातडी पातळ आहे, तिथे हा धोका जास्त. सुई किती खोल जातेय हे हाताला कळावं लागतं, ते मशीनच्या किमतीवर अवलंबून नाही. खोली चुकली की नाही ते त्या दिवशी दिसत नाही, काही आठवड्यांनी आणि काही महिन्यांनी दिसतं.

तर जुनं काम समोर आलं की रेघ जिथे दुसऱ्या रेघेला मिळते तो सांधा बघा. तिथे गाठ आली आहे का? एकाच रेघेची जाडी मध्येच बदलते का? कडेला निळी सावली आहे का? बोट फिरवून बघायची परवानगी मिळाली तर डोळे मिटून बघा. चांगलं भरलेलं काम बोटाला कळत नाही. वळ हाताला लागत असतील तर त्याने कातडी फाडली आहे.

आणि ठिपके. तुमच्या कामात पाच ठिपके आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. ठिपका सुई टेकवून होत नाही, बारीक गोल भरून होतो. त्याच्या जुन्या कामातले ठिपके गोल आहेत की मुगाच्या दाण्यासारखे लांबट झालेत, एवढं बघितलंत तरी निम्मी परीक्षा झाली.

अजून एक, ज्या कातडीवर काम बघाल ती तुमच्यासारखी असू द्या. इंटरनेटवरचे बरेच नमुने गोऱ्या कातडीवरचे असतात. आपल्या सावळ्या कातडीत शाई खाली आणि आपला रंग वर, म्हणजे रंगीत काचेतून बघावं तसं. पिवळा, पांढरा, फिका गुलाबी आपल्याकडे लवकर मळकट दिसतो. काळा मात्र सुरेख बसतो. तुमचं काम काळ्यातलंच आहे, ते बरं आहे.

पांझराकाठची (धुळे)

दादा, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. खूप आभार.

एक शंका आहे. आजीचं गोंदण काळं नव्हतंच, निळं-हिरवं होतं आणि रेघा चांगल्या जाड होत्या. ती म्हणायची की काजळीने गोंदलंय. मग तो रंग कुठून आला? मला तसाच हवा असेल तर निळी शाई सांगायची का?

सुई आणि शाई (जळगाव जिल्हा)

निळी शाई सांगू नका. काजळी म्हणजे कार्बन, ती काळीच असते. पण कातडीच्या खाली गेलेला काळा रंग वरून बघताना निळसर दिसतो, कारण कातडीतून उजेड विखुरताना निळा जास्त परत येतो. मनगटावरच्या शिरा निळ्या-हिरव्या दिसतात, त्यातही उजेडाचा असाच काहीसा खेळ आहे. त्यात साठ-सत्तर वर्षं गेली की शाईचे कण हळूहळू सरकतात, रेघ जाड होते, कडा विरघळतात.

म्हणून तुमचा कागद हा आजीच्या लहानपणच्या गोंदणाचा नाही. तो आजीच्या म्हातारपणच्या हाताचा आहे. मूळ रेघ याच्या अर्ध्या जाडीची असेल. शिवाय कातडी सैल झाल्याने चौकोन एका बाजूला ओढला गेला असेल. तुम्ही आधी ठरवा, तुम्हाला मूळ तुळस हवी की तुम्ही जिच्यावर बोट फिरवलंत ती? दोन्ही बरोबर आहेत. पण आजची जाड रेघ जशीच्या तशी काढली तर ती अजून पसरणार, आणि पंचवीस वर्षांनी फांद्या एकमेकींना चिकटणार. चांगला कारागीर हे तुमच्या आधी तुम्हाला विचारेल.

तिसऱ्याने जे प्रश्न विचारले ते हेच होते का?

पांझराकाठची (धुळे)

हो! त्याने हेच विचारलं होतं. 'हा कागद हात सरळ असताना घेतला की दुमडलेला असताना?' आणि 'आजींचं वय काय होतं तेव्हा?' मला वाटलं होतं उगाच विचारतोय.

शिरपूरचे आबा

बेटा, तुझी पोस्ट वाचून माझी माय डोळ्यांसमोर उभी राहिली.

आमच्या लहानपणी सुगी झाली की गोंदणारीण गावात यायची. पारावर नाही, कुणाच्या तरी ओट्यावर बसायची. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, वाटीत काजळी कालवलेली. बायका पोरीला धरून बसायच्या आणि गोंदणारीण गाणं म्हणत म्हणत टोचायची, म्हणजे पोरीचं ध्यान गाण्यात राहावं. नंतर हळद लावायची. मोल म्हणून सुपात ज्वारी, कधी बाजरी. माय म्हणायची, "सोनंनाणं आठेच र्‍हास, गोंदणच संगे येस." म्हणजे सोनंनाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं. म्हणून गरिबातली गरीब बाईसुद्धा निदान पाच ठिपके तरी गोंदवून घ्यायची.

आणि पारख तेव्हाही होती बरं. माझी थोरली बहीण गोंदवायला बसली तेव्हा मायने गोंदणारणीला आधी सांगितलं, तुझा हात दाखव. त्या बाईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण होतं, तिच्या आईने केलेलं आणि थोडं तिने स्वतः केलेलं. मायने ते उजेडात धरून पाहिलं, मग बहिणीला बसवलं. जळगावचे दादा म्हणतात तेच झालं, जुनं काम बघा.

पण सुया त्याच होत्या, हे खरं. एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, तर जपून कर.

सिस्टर भुसावळ

मी स्टाफ नर्स आहे, वॉर्डात बावीस वर्षं झाली. आबांनी शेवटी लिहिलं तिथूनच सुरू करते.

रक्तातून जाणारे तीन आजार इथे महत्त्वाचे: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. लोक एचआयव्हीला घाबरतात, पण मला जास्त काळजी हिपॅटायटिस बीची वाटते. तो विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात बाहेर निदान सात दिवस टिकू शकतो. डोळ्यांना डाग दिसायचीही गरज नाही. त्यावर लस आहे, तीन डोस, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. टॅटू काढा न काढा, घेतली नसेल तर घ्या.

दुकानात गेल्यावर 'स्वच्छता ठेवता का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कुणाचं तरी काम चालू असताना अर्धा तास नुसतं बसून बघा. सुई किंवा कार्ट्रिज (सुई बसवलेली नळी) सीलबंद पाकिटातून गिऱ्हाइकासमोर फोडली का? त्या पाकिटावर लॉट नंबर आणि मुदत छापलेली असते, मागून वाचा. शाई मोठ्या बाटलीतून लहान टोपणात काढून घेतात, उरलेली टाकून देतात की परत बाटलीत ओततात? मशीनवर आणि वायरवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली आहे का?

आणि सगळ्यात जास्त मी बघते ते हातमोजे. एका ठिकाणी भाच्याबरोबर गेले होते. मुलाने नवे मोजे घातले, सुई नवी फोडली, सगळं छान. काम चालू असताना त्याचा फोन वाजला. त्याने मोजे घातलेल्या हाताने फोन उचलला, बोलला, खिशात ठेवला आणि त्याच हाताने पुन्हा जखमेवर पुसायला लागला. भाच्याला मी तिथून उठवून आणलं. जो माणूस फोनकडे बघून फक्त मान हलवतो, किंवा मोजे काढून, फोन घेऊन, हात धुऊन नवे मोजे घालतो, त्याच्या बाकीच्या सवयीही तशाच असतात.

मशीनची स्टीलची मूठ परत वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने जंतू मारायचं यंत्र) हवा: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, निदान १५ मिनिटं. 'उकळत्या पाण्यात टाकतो' किंवा 'स्पिरिटने पुसतो' हे उत्तर चालणार नाही.

पाण्याचंही विचारा. शाई फिकी करायला नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरू नये, निर्जंतुक पाणीच हवं. २०११ च्या शेवटी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात टॅटू काढलेल्या बऱ्याच लोकांच्या अंगावर महिनोन् महिने न जाणारे फोड आले. शोध घेतल्यावर पाण्यात राहणारा एक जिवाणू, मायकोबॅक्टेरियम केलोनी, राखाडी शाईतच सापडला. ती शाई कारखान्यातूनच पातळ करून आली होती. दुकान स्वच्छ होतं तरी झालं. म्हणून बाटली कुठल्या कंपनीची, कधी उघडली, हे विचारण्यात संकोच नको.

टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. घरात कुणाला नियमित रक्त द्यावं लागत असेल तर आधी देऊन घ्या.

पारोळा एक्सप्रेस

इथे भरतीची तयारी करणारी पोरं वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितो. माझ्याबरोबर पळणारा एक जण मैदानात पहिला आला आणि मेडिकलला टॅटूमुळे अडकला. दंडाच्या बाहेरच्या बाजूला मोठा वाघ होता.

लष्करात कोपराच्या आतून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचा टॅटू चालतो. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. बीएसएफ, सीआरपीएफ अशा दलांत डाव्या हाताची आतली बाजू किंवा हाताची मागची बाजू, कारण उजव्या हाताने सलाम करतात. आकारही त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी हवा. फॉर्म भरताना त्या त्या भरतीची जाहिरात स्वतः वाचा.

चांगला टॅटूवाला वीस वर्षांच्या पोराला आधी 'भरतीला जाणार का' एवढं विचारतो. आमच्या इकडे हे विचारलंच पाहिजे.

अक्षरवेडा (चाळीसगाव)

ताईंच्या नक्षीत अक्षरं नाहीत, पण धागा पुढे अनेक जण वाचतील म्हणून लिहून ठेवतो. मी साइनबोर्ड रंगवतो, देवनागरीशी रोजचा संबंध आहे.

बरेच टॅटूवाले नाव कॉम्प्युटरवर टाइप करून त्याचं स्टेन्सिल (कातडीवर उमटवायचा नमुना) काढतात. सॉफ्टवेअरची सेटिंग देवनागरीसाठी लावलेली नसेल तर जोडाक्षर फुटतं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. माझ्या मावसभावाने 'भक्ति' लिहायला सांगितलं. स्टेन्सिलवर क, त्याचा पाय मोडलेला, मग त, आणि वेलांटी शेवटी लोंबतेय. टॅटूवाला म्हणाला, असाच फॉन्ट आहे. भाऊ तसाच बसला. मी तिथे असतो तर हाताने लिहून दिलं असतं.

तेव्हा अक्षरं काढायची असतील तर आधी कागदावर हाताने लिहून न्या, ऱ्हस्व-दीर्घ घरातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. स्टेन्सिल हातावर उमटल्यावर मोबाईलने फोटो काढून घरी पाठवा आणि होकार आल्यावरच सुई लागू द्या. अक्षर बारीक नको. 'श्र', 'क्ष', 'ष' यांच्या पोटातली जागा शाई पसरली की आधी बुजते. शिरोरेघेपासून पायापर्यंत निदान एक सेंटिमीटर उंची ठेवा, दीड असेल तर उत्तम.

आणि टॅटूवाल्याला विचारा, तुम्हाला मराठी वाचता येतं का. न येणारा चांगला कारागीर असू शकतो, पण मग तपासणीची जबाबदारी पूर्ण तुमची.

केळीबाग रावेर

काळ बघून करा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घामाने खपली भिजून निघते. मी एप्रिलमध्ये काढला आणि दुसऱ्या आठवड्यात केळीची कापणी आली. घड उतरवताना चीक हातावर ओघळला. आधीच ओली जखम, त्यावर चीक, अशी आग झाली की रात्रभर झोप नाही. एका कडेचा रंग तिथे गेलाच. कपाशीवर फवारणी करणाऱ्यांनी तर त्या दिवसांत विचारच करू नये.

दिवाळी ते होळी हा काळ चांगला. दोन-तीन आठवडे तापीत पोहणं नाही, ऊन नाही, खाजवणं नाही. घरचे हळद लावायला सांगतील, लावू नका. टॅटूवाल्याने सांगितलेलं मलमच, तेही अगदी पातळ.

खानदेशी पुणेकर

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. इतकी मनाची गोष्ट असेल तर सरळ पुण्या-मुंबईला जावं. तिथे गोंदणाच्या जुन्या नक्ष्यांवर अभ्यास करून काम करणारे लोक आहेत, साधनं चांगली आहेत. एकदाचं गाडीभाडं आणि चार पैसे जास्त गेले तरी चालतील. माझा टॅटू पुण्यात झालाय, सहा वर्षांत तसाच आहे.

सुई आणि शाई (जळगाव जिल्हा)

पुण्या-मुंबईत उत्तम लोक आहेत, हे मान्य. मी स्वतः तिथेच शिकलो. पण दोन गोष्टी सांगतो. एक, बारीक रेघेच्या कामाला महिना-दोन महिन्यांनी टच-अप, म्हणजे फिकी पडलेली रेघ पुन्हा भरणं, लागू शकतो. धुळ्याहून पुण्याला त्यासाठी पुन्हा कोण जातं? लोक राहू देतात. दुसरं, मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात गिऱ्हाईक नाव बघून जातं आणि काम कधी कधी तिथला शिकाऊ मुलगा करतो. म्हणून कुठेही गेलात तरी 'हे काम कोण करणार' आणि 'त्या माणसाचं जुनं काम दाखवा' हे विचाराच.

भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रांवर आणि गुमास्त्यावर जाऊ नका. गुमास्ता किराणा दुकानालाही मिळतो, त्यावरून हाताबद्दल काही कळत नाही. आणि 'आजच बसा, निम्म्यात करतो' म्हणणाऱ्याला माझ्याकडून तरी नकार. ज्याच्या हाताला काम आहे त्याला आजचं गिऱ्हाईक आजच पकडायची घाई नसते.

सिस्टर भुसावळ

एक राहिलं. ज्यांच्या अंगावर जखमेचे वण फुगून वाढतात, कान टोचल्यावर गाठ आली होती, लस घेतलेल्या जागी जाड वळ आहे, त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. आपल्याकडे हे बऱ्याच जणांना असतं आणि छाती-खांद्यावर जास्त होतं. शुगर असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर टॅटूवाल्याला लपवू नका. तो हे स्वतःहून विचारत नसेल तर त्याच्या नावावर फुली.

नंतर काढून टाकू, या भरवशावर तर कुणीच बसू नये. लेझरने काळी शाई फुटते, पण एका फेरीत नाही, अनेक फेऱ्या आणि दोन फेऱ्यांत आठवड्यांचं अंतर. खर्च टॅटूच्या कितीतरी पट, आणि हिरवा-निळा रंग तर चिवट असतो.

पांझराकाठची (धुळे)

मंडळी, उशिरा लिहितेय, पण कळवायचं होतं.

तिसऱ्याकडेच गेले. पहिल्या दिवशी फक्त बसले, सिस्टरांनी सांगितलं तसं अर्धा तास. समोर एका मुलाच्या पाठीवर काम चालू होतं. पाकीट समोर फोडलं, टोपणातली उरलेली शाई फेकून दिली. फोन दोनदा वाजला, त्याने दोन्ही वेळा बघितलाही नाही. मग मी त्याला आबांच्या माईचा प्रश्न विचारला, 'तुमचा हात दाखवा.' तो हसला आणि बाही वर केली. डाव्या हातावर त्याने शिकताना स्वतःच केलेलं काम होतं, सगळ्यात जुनं अकरा वर्षांचं. पहिल्या पहिल्या रेघांना निळी सावली होती. त्याने स्वतःच बोट ठेवून दाखवलं, इथे खोल गेलो होतो. त्यानंतरच्या रेघा स्वच्छ होत्या. माझा निर्णय तिथेच झाला.

कागदावर बसून त्याने दोन तुळशी काढल्या, एक आजची जाड आणि एक त्याच्या अंदाजाने मूळची बारीक. मी बारीक घेतली. पाचपैकी चौथा ठिपका ओळीतून थोडा बाहेर होता. त्याने विचारलं, हा गोंदणारणीच्या हाताने सरकला की कातडीने ओढला? मला माहीत नव्हतं. आईला फोन लावला. आई म्हणाली, मी लहान होते तेव्हापासून तो तसाच आहे. मग तसाच ठेवला.

स्टेन्सिल तीन आकारांत काढून माझ्या हातावर एकेक लावून पाहिलं. प्रत्येक वेळी हात सरळ, मग दुमडून, मग खाली सोडून उभं राहून. पहिल्या वेळी चौकोन हात वळवला की तिरका दिसत होता, त्याने पुसून परत लावला. त्यातच पाऊण तास गेला. सुईचं काम पंचवीस मिनिटांचं. अडीच हजार घेतले, टच-अप त्यातच.

आता साडेतीन महिने झाले. रेघा बसल्या आहेत, कडेला सावली नाही. मधल्या फांदीचं टोक थोडं फिकं झालंय, तेवढं पुढच्या शनिवारी भरून देणार आहे. आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने माझा हात उजेडात नेला आणि चौथ्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. बराच वेळ तसाच.

दादा, सिस्टर, आबा, सगळ्यांचे आभार.

आणि ज्यांच्या आजी आहेत त्यांना सांगते, गोंदण उतरवून घ्यायचं असेल तर माझी चूक करू नका. मी आजीचा हात दुमडलेला असतानाच कागद ठेवला होता. हात टेबलावर सरळ, तळवा वर. कागद दोन बाजूंनी चिकटपट्टीने धरा, बॉलपेन नको, मऊ पेन्सिल घ्या, म्हातारी कातडी दुखते. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा म्हणजे माप राहील. कागदावर वरची बाजू कुठली, मनगट कुठल्या बाजूला, तारीख आणि आजीचं वय लिहून ठेवा. कुठला ठिपका आधीपासून सरकलेला आहे तेही तिलाच विचारून घ्या.